शेवटचा हात

४ मार्च

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलायचं तर पहिल्या मिनिटाला तू "जेवलास का" विचारतेस, दुसऱ्या मिनिटाला स्वतःच्या गुडघ्यांवर येतेस आणि माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून कागद काढला. शिवाय मावशीच्या चार मुलांत पत्राला पत्रानं उत्तर देणारी तू एकटीच.

तर गोष्ट अशी की माझं कामात मन लागत नाही. बायको म्हणाली, दमला असशील, रजा घे. घेतली. आठ दिवस घरी बसून सगळ्या खिडक्यांना रंग दिला. रंग झकास झाला, पण नवव्या दिवशी कामावर गेलो तर आत सगळं तसंच कोरडं. झोप लागते, भूक लागते, डॉक्टरांनी तपासून "उत्तम" म्हणून पाठीवर थाप मारली. फक्त सकाळी कार्यशाळेचं कुलूप उघडताना हात जड होतो.

आमचं काम तुला ढोबळ माहीत आहे. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला आमची कृत्रिम पायांची कार्यशाळा. माणसं सात आणि आठवा मी, त्यांचा प्रमुख. माणसाच्या उरलेल्या पायाचा प्लास्टरनं साचा घ्यायचा, त्यावरून प्लास्टिकची खोबण करायची, आणि त्या खोबणीखाली नळी आणि पाऊल जोडायचं. खोबण आतून गुळगुळीत हवी, कारण माणसाचं सगळं वजन तिथे येतं. आत नीट दिसत नाही, म्हणून आमच्याकडे पहिल्यापासूनची रीत आहे: पाय बाहेर जाण्याआधी प्रमुखानं डोळे मिटून खोबणीत हात फिरवायचा. काही खुपलं तर परत पाठवायचा, नाहीतर आत काळ्या पेनानं सही करायची. याला आम्ही शेवटचा हात म्हणतो. माझ्या आधीचे मास्तर हात फिरवताना श्वास रोखायचे, सगळी खोली गप्प व्हायची. त्या सहीनंतर कोणी काही तपासत नाही.

मीही डोळे मिटतो. पण मिटल्या डोळ्यांनी गेले सहा महिने घरच्या गळक्या नळाचा विचार करतोय.

वरून कागद आलाय की प्रमुख म्हणून आणखी तीन वर्षं राहणार का, ते मेअखेर कळवा. नाही म्हटलं तर मी माझ्या जुन्या टेबलावर जाईन आणि बाहेरून कोणीतरी नवा साहेब येईल. मला ते चालेल. पण ही सात माणसं सकाळी माझ्या तोंडाकडे बघून दिवस सुरू करतात, आणि माझ्या तोंडावर काही नसतं, याची मला लाज वाटते. तू एकोणीस वर्षं नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळलास. तुला असं कधी झालं का? झालं असेल तर तू काय केलंस?

तुझा,
ढब्बू

---

१३ मार्च

प्रिय ढब्बू,

सेहेचाळीस वर्षांच्या बाप्याला ढब्बू म्हणताना मला संकोच वाटायला हवा, पण वाटत नाही. आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी न करता दोन पानं लिहिलीस, हे मी लक्षात ठेवलंय.

मला असं झालं का, म्हणून विचारतोस. अरे, सगळ्यांना होतं. रोज उठून त्याच माणसांची तीच तोंडं बघायची, त्यात नवल ते काय? प्रश्न एवढाच की ते दाखवायचं का. मी दाखवलं नाही. कपडेपटाच्या दाराबाहेर नटांसाठी एक उभा आरसा होता. मी रोज त्याच्यासमोर थांबायचे, केस सारखे करायचे, तोंड सारखं करायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. आत शिरताना काहीतरी मोठ्यानं, हसतखेळत बोलायचंच, हा नेम. शेवटची दोन वर्षं मला एक दिवस आत जावंसं वाटलं नव्हतं. पण शिवणाऱ्या आठ बायकांपैकी एकीला पत्ता लागला असेल तर शपथ. आमची कटर, कापड बेतणारी, अठरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होती. तिलासुद्धा नाही.

तेव्हा तू नाटक कर. सहा महिने नीट नाटक केलं की माणूस त्यातच राहायला लागतो. सकाळी हसत जा, एखादा विनोद पाठ करून ने, कौतुक सढळ हातानं कर. पुढाऱ्याचं तोंड पडलं की मागच्यांचे पाय गळतात, आणि तुझ्या धंद्यात तर पाय गळून चालणारच नाही!

आणि तो कागद. खुशाल हो म्हणून टाक. मी सोडलं ते कंटाळा आला म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. तुला अजून कंटाळायला वेळ आहे.

तुझी,
ताई

---

३० मार्च

प्रिय ताई,

तुझे गुडघे कसे आहेत? (पहिल्या ओळीत विचारलं.)

तुझा प्रयोग सुरू केला. पहिल्या दिवशी दारातून "काय मंडळी, आज कोणाला पळवायचं?" असं ओरडत शिरलो तर काकूंच्या हातातली कात्री खाली पडली. काकू म्हणजे आमच्याकडे पट्टे आणि बक्कल शिवतात त्या, तोंडानं फटकळ, हातानं सुरेख. त्या म्हणाल्या, "साहेब, बरं आहे ना?" मी म्हटलं, उत्तम. मौनीनं यंत्र बंद करून माझ्याकडे पाहिलं आणि परत चालू केलं. मौनी म्हणजे आमचा घासकाम करणारा. साठीला आलाय. खोबणीच्या कडा आणि आतली बाजू त्याच्यासारखी कोणी घासत नाही, आणि वर्षाला साधारण चाळीस वाक्यं बोलतो.

आता दोन आठवडे झाले आणि लोक सरावलेत. मी विनोदांचं पुस्तक आणलंय. रोज कोणाची तरी पाठ थोपटतो. पहिल्याच आठवड्यात मौनीला म्हटलं, "तुमच्या हातात जादू आहे." तो काहीतरी बोलायला आला होता बहुतेक, टेबलापाशी जरा वेळ घुटमळला, पण मी असं म्हटल्यावर मान हलवून परत गेला. लाजला असणार. या महिन्यात चौदा पाय बाहेर पडले, इतके कधी पडत नाहीत. साचेवाला म्हणाला, साहेब आता मोकळे झालात. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गुदमरल्यासारखं होतं ते फक्त घरी आल्यावर. बायको म्हणते, तिकडे सगळं बोलून येतोस आणि इकडे भिंतीकडे बघत बसतोस. नळ मात्र दुरुस्त झाला.

ढब्बू

---

२२ एप्रिल

ढब्बू,

जिवंत आहेस ना? तीन आठवडे झाले. यश इतकं डोक्यात गेलं का, की म्हाताऱ्या बहिणीला दोन ओळी लिहवत नाहीत?

ताई

---

२ मे

ताई,

वाईट झालंय.

मार्चमध्ये आम्ही एका गणिताच्या शिक्षिकेला पाय दिला. तिशीतली बाई, अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेला. दोन दांड्यांच्या मधून चालायला शिकली, मग काठीनं, आणि एप्रिलच्या मध्यापासून परत शाळेत उभी राहून शिकवायला लागली. मागच्या सोमवारी तिचा भाऊ तिला खुर्चीतून घेऊन आला. गुडघ्यामागे जखम झाली होती, चिघळलेली. अकरा दिवस ती तशीच उभी राहून शिकवत होती. मी विचारलं, लगेच का नाही आलात? म्हणाली, "नवीन पाय आहे, दुखणारच, असं वाटलं. बाकीचे सगळे चालतात, मग मलाच का जमत नाही, म्हणून सांगितलं नाही." आता तिला महिनाभर पाय लावता येणार नाही. शाळेनं तिचे वर्ग दुसऱ्याला दिले.

मी खोबणीत हात घातला. मागच्या कडेच्या खाली तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा, आणि त्याच्यापासून दोन बोटांवर माझी सही. त्यावरून माझा हात गेला होता, ताई. हात गेला आणि मी तिथे नव्हतो.

मी सगळ्यांना बोलावून उंचवटा दाखवला. एकेकानं हात घालून पाहिला. मौनीची पाळी आली तेव्हा त्यानं हातच घातला नाही. खाली मान घालून म्हणाला, "मला माहीत होता." हाताला लागला होता त्याच्या! त्याला शंका आली होती, आणि हा माणूस मूग गिळून बसला, पाय तसाच माझ्या टेबलावर ठेवला! माझ्या अंगाची लाही लाही झाली. सगळ्यांसमोर नको ते बोललो. एवढे दिवस मी जीव तोडून हसरं तोंड करतोय, एवढं चांगलं वागवतोय, आणि याला एक शब्द बोलवला नाही.

मी दोन पत्रं लिहून ठेवली आहेत. एक मौनीला कामावरून कमी करा म्हणून, दुसरं मला प्रमुख राहायचं नाही म्हणून. पुढच्या सोमवारी दोन्ही वर पाठवतो. तू रागावशील, पण मी ठरवलंय.

ढब्बू

---

५ मे
(कुरिअरनं)

ढब्बू,

पाठवू नकोस. दोन्ही नको. आधी हे वाच, मग काय ते कर.

मी तुला खोटं सांगितलं. कंटाळा आला म्हणून सोडलं हे खोटं. मला आठ वर्षांत कोणी नीट विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही, आणि तुला सल्ला देताना तर मी ते खोटं चांगलं इस्त्री करून दिलं.

आमची कटर म्हणून लिहिलं होतं ना, तिचं ऐक. अठरा वर्षांत तिची कात्री कधी चुकली नव्हती. माझं नाटक चालू होतं त्या दुसऱ्या वर्षी, नव्या प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात, तिनं मुख्य नटाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. उंची कापड, जादा तुकडा नाही. ती दोन्ही बाह्या हातात धरून उभी होती, पांढरीफटक. मी काय केलं असेल? बाह्या घेतल्या, एक माझ्या उजव्या हातावर चढवली आणि म्हटलं, "वा! नवी फॅशन!" सगळ्या बायका हसल्या. तीही हसली. मी स्वतःवर खूश, कसं निभावून नेलं म्हणून. बाहीला सांधा देऊन वेळ मारून नेली. पुढच्या आठवड्यात ती यायची थांबली, ती कायमची.

मग चार महिन्यांनी तिची बहीण भेटली. तिनं सांगितलं की वर्षभर तिला काम नकोसं झालं होतं. कात्री हातात घेतली की हात थंड पडायचा. बहिणीनं विचारलं, ताईंना का नाही सांगत? तर म्हणाली, "त्यांच्याशी काय बोलू? त्या रोज हसत येतात. माझंच काहीतरी बिघडलंय."

शेजारच्या टेबलावर, ढब्बू. चार हातांवर. दोघींना एकच दुखणं आणि मी ते तोंडावर रंग फासून तिच्यापासून लपवत होते. मी एकदा म्हटलं असतं, "बाई गं, मलाही आज नको वाटतंय," तर निदान आम्ही दोघी मिळून कुरकुरलो असतो. त्यानंतर तिच्या रिकाम्या टेबलावरून मला जाववेना. आठ महिन्यांत मीही सोडलं.

तुझा मौनी तुझ्या टेबलापाशी घुटमळला, हे तूच लिहिलंयस. बोलायला आला आणि तू म्हणालास, हातात जादू आहे. ते पत्र काढून मी तीनदा वाचलं. जा आणि त्याला विचार. हसू नकोस, विनोद करू नकोस, साहेबासारखा उभा राहू नकोस. त्याच्या शेजारी बस आणि विचार.

ज्या धड्यात मी स्वतः नापास झाले, तोच मी तुला दिला. मला क्षमा कर.

ताई

---

१४ मे

प्रिय ताई,

क्षमा कसली मागतेस. मला तुझा राग आला, नाही म्हणत नाही. दोन दिवस होता. मग तू ते पत्र लिहिताना कशी बसली असशील ते डोळ्यांसमोर आलं आणि गेला.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मौनी मागच्या मोरीपाशी प्लास्टरच्या बादल्या धूत होता. ते त्याचं काम नव्हे. मी दुसरी बादली घेतली आणि शेजारी बसलो. दोन बादल्या धुऊन झाल्यावर मी म्हटलं, "मौनी, मला सहा-आठ महिने इथे यावंसं वाटत नाही. ते विनोद पुस्तकातले होते. शेवटचा हात फिरवताना माझं लक्ष नसतं. त्या बाईंच्या पायाच्या वेळीही नव्हतं. चूक माझी होती आणि ओरडलो तुमच्यावर."

त्यानं बादली खाली ठेवली. त्याचे डोळे भरले होते, आणि मला कुठे बघावं कळेना.

मग तो बोलला, ताई. वर्षाची वाक्यं त्यानं एका बैठकीत संपवली. बायको गेल्यापासून, म्हणजे मागच्या पावसाळ्यापासून, त्याचा स्वतःच्या हातावर विश्वास राहिला नाही. गुळगुळीत जागा खडबडीत वाटते, खडबडीत गुळगुळीत. एक खोबण दहा-दहा वेळा घासत बसतो. त्या पायातला उंचवटा त्याला लागला, पण खरा की मनाचा, ते कळेना. मला विचारायला आला आणि मी जादूचं बोललो. त्याला वाटलं, साहेब एवढे खुशीत आहेत, कामं एवढी झपाट्यानं चाललीत, आपण कुठे आपलं रडगाणं गायचं. मग मी सही केली, आणि तो धरून चालला की त्याचाच हात खोटा. म्हणाला, "मला वाटलं, इथे फक्त मीच संपलोय."

बायको गेल्यावर तिसऱ्या दिवशी तो कामावर आला होता आणि मी त्याला "शाब्बास" म्हटलं होतं. मला आठवत होतं ते.

सोमवारी सगळ्यांना बोलावलं. काय बोलायचं ते पाठ केलं नव्हतं, त्यामुळे फार वाईट बोललो. म्हटलं, मला सध्या उत्साह नाही. कधी येईल माहीत नाही. तुम्हाला तो दाखवायचा म्हणून मी नाटक केलं, त्यात एका बाईचा पाय चिघळला. आता नाटक बंद. पण उत्साह नाही म्हणून काम वाईट झालेलं मला चालणार नाही, आणि ते एकट्यानं सांभाळणं मला जमत नाहीये. मदत करा.

काकू म्हणाल्या, "आम्हाला माहीत होतं. तुम्ही विनोद सांगायला लागलात तेव्हाच मी म्हटलं, या माणसाचं काहीतरी बिनसलंय." साचेवाला म्हणाला, विनोद फारच वाईट होते. सगळे हसले, मीही हसलो, आणि हे हसू मला घरी गेल्यावर जड झालं नाही.

आता रीत बदलली. शेवटचा हात दोघांचा: एक माझा आणि दुसरा कोणाचाही, ज्यानं तो पाय घासलेला नाही त्याचा. कोणालाही खुपलं, अगदी नुसती शंका आली, तरी पाय परत. कारण द्यायची गरज नाही.

मौनीचं पत्र मी फाडलं. माझं अजून खणात आहे. खोटं बोलणार नाही, ते मला अजून बरोबर वाटतं.

तुझा,
ढब्बू

---

२१ मे

प्रिय ढब्बू,

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी बस धरली आणि कटरच्या घरी गेले. आठ वर्षांनी. दारात मला बघून तिनं "ये" म्हटलं नाही की "जा" म्हटलं नाही, दार उघडं टाकून आत गेली. मी गेले मागोमाग.

ती आता घरीच थोडंफार शिवते. मी सगळं सांगितलं, आरशासकट. ती ऐकत टाचण्या वेचत होती. शेवटी म्हणाली, "त्या दिवशी तू विचारलं असतंस तर मी थांबले असते की नाही, सांगता येत नाही. पण विचारायला हवं होतंस." मी म्हटलं, हो. यापेक्षा जास्त आम्ही त्यावर बोललो नाही. मग तिनं विचारलं, गुडघ्यांचं काय करतेस? तासभर गुडघ्यांवर बोललो.

तिनं परत ये असं म्हटलं नाही. मी गुरुवारी जाणार आहे.

तुझ्या खणातल्या पत्राबद्दल मी काही सांगणार नाही. माझ्या सल्ल्यांची तुला एकदा पुरेशी झळ लागली आहे.

ताई

---

३० मे

प्रिय ताई,

गुरुवारी गेलीस का? काय झालं ते लिही.

गणिताच्या बाईंची जखम पूर्ण भरली. त्या परत येतील असं मला वाटलं नव्हतं. दुसरीकडे जायला त्या मोकळ्या होत्या, मी स्वतः चिठ्ठी देतो म्हटलं होतं. त्या आल्या. मी त्यांना सांगितलं, उंचवटा माझ्या हाताखालून गेला, चूक माझी. त्या म्हणाल्या, "मग आता तुम्हीच करा. दुसऱ्याला नको."

म्हणून साचा मी घेतला, खोबण मी केली, घासलीही मीच. किती वर्षांनी पूर्ण पाय माझ्या हातानं केला. मंगळवारी सकाळी तयार झाला. मी डोळे मिटून हात फिरवला, नीट फिरवला, आणि मला काही खुपलं नाही. दुसरा हात मौनीचा होता. मीच त्याला म्हटलं होतं की तुम्ही करा. तो नको नको म्हणत होता. शेवटी त्यानं डोळे मिटून हात आत घातला. खोली गप्प झाली, काकूंचं शिवणयंत्रसुद्धा थांबलं. त्याचा हात दोनदा फिरला. तिसऱ्यांदा मागच्या बाजूला थांबला.

त्यानं डोळे उघडले आणि मला म्हणाला, "परत."

सगळ्यांसमोर, ताई. प्रमुखानं केलेला पाय. त्यानं तो माझ्या हातात दिला आणि मागे सरला नाही. मी तीनदा चाचपलं तेव्हा मला ते लागलं, इतकं बारीक होतं. आधी मला राग आला, खराखुरा, कानशिलं तापली. मग वाटलं, थांब, आता दाखवतोच याला. खुर्ची ओढली, कानस घेतली आणि बसलो. घासलं, हात फिरवला, परत घासलं. मौनीकडे नेलं, त्यानं मान हलवली. परत बसलो. आतल्या वळणावर कानस पोचत नव्हती म्हणून एका काडीला बारीक घासकागद गुंडाळून तेवढाच भाग घासला.

शेवटी त्यानं हात फिरवला आणि माझ्या हातातलं पेन घेऊन आधी स्वतः सही केली. मग माझ्याकडे दिलं. मी सही केली आणि वर पाहिलं तर खोलीत आम्ही दोघंच. बाकीचे जेवून, हात धुऊन परत येत होते. काकूंनी आमचे डबे झाकून ठेवले होते. सुट्टी झाल्याची घंटा मला ऐकूच आली नव्हती.

मन लागलं असं मी म्हणत नाही. काल परत कुलूप उघडताना हात जड होता. वर कळवलंय की तीन वर्षांचं वचन देत नाही, एका वर्षाचं देतो, आणि माझी कामगिरी तपासायची असेल तर मला विचारू नका, माझ्या माणसांना विचारा.

बाईंनी आज पाय घातला. त्या दांड्यांमध्ये उभ्या राहिल्या, मी शेजारी. मी विचारलं, "खुपतंय का कुठे?" त्या म्हणाल्या, "नाही." मौनी दारात उभा होता. तिथूनच तो म्हणाला, "बाई, खुपलं तर आजच सांगायचं. चांगलं वाटतंय म्हणून आम्हाला खूश करू नका." त्यांनी दोन पावलं टाकली, थांबल्या आणि म्हणाल्या, "बाहेरच्या बाजूला जरासं."

आम्ही पाय काढून परत टेबलावर घेतला.

तुझा,
ढब्बू